आधी पाय थांबव!

शनिवारी सकाळी न्यू जर्सीतले देसी एकतर कॉस्कोच्या रांगेत असतात, नाहीतर गादीत. मी काळे बूट पॉलिश करत बसलेला असतो. राखाडी पॅण्ट, काळी टोपी, मुठीत मावणारा क्लिकर... ‘आठवडाभर कोडमधले बग शोधतोस आणि सुट्टीत लोकांच्या पोरांच्या चुका!’ ही बायकोची ठरलेली कमेण्ट. काय करणार बॉस, बेसबॉलच्या अम्पायरिंगचं जाम व्यसन लागलंय.

सुरुवातीला वाटलं होतं, यात काय एवढं? आपण डोंबिवलीच्या गल्लीत वाढलेले. बॅटिंग संपली की अम्पायर व्हायचं, हे तर बाळकडूच! इथे तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या मॅचला दोनच अम्पायर. एक होम प्लेटमागे मास्क चढवून बॉल-स्ट्राइक बघतो. दुसरा बेस अम्पायर, म्हणजे अस्मादिक. बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसकडे पळतो, फील्डर तिकडे थ्रो करतो, आधी कोण पोचलं ते आपण सांगायचं. रनआउटच की!

दुसऱ्याच शनिवारी माती खाल्ली.

शेवटची इनिंग, दोन आउट. एका किडकिडीत डावखुऱ्या पोराने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे, हळू सरपटी चेंडू मारला. पोरगा जीव तोडून पळाला. मीही पळालो! जितकं जवळ जाऊ तितकं स्वच्छ दिसेल, असा माझा फंडा. बेसपासून चार पावलांवर असताना हात वर केला, ‘आउट!’ मॅच खलास. आणि हात खाली यायच्या आत मला कळलं की त्याचा पाय आधी पडला होता. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट काखेत मारलं आणि चालायला लागला.

पार्किंगमध्ये आमचे प्लेट अम्पायर आजोबा गाडीच्या डिकीवर बसून बूट बदलत होते. साठी उलटलेले, आयुष्यभर हेच केलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘चेंडू ग्लव्हमध्ये पडला तेव्हा तुझे पाय काय करत होते?’

मला आठवेना!

‘पळत होते,’ ते म्हणाले. ‘पळताना डोकं हलतं, डोकं हललं की डोळे हलतात. आधी पाय थांबव.’

मग पुढचे कित्येक शनिवार शिकवणी झाली. बेसवर कोणी नसेल तेव्हा बेस अम्पायरची जागा ‘ए’. फर्स्ट बेसमनच्या दहा-बारा फूट मागे, रेषेच्या बाहेर, फाउल बाजूला. शॉर्टस्टॉपकडे चेंडू गेला की तीन-चार पावलं टाकून रेषेच्या आत यायचं आणि थ्रो ज्या दिशेने येणार तिला साधारण काटकोनात उभं राहायचं. बेसपासून १५ ते १८ फूट लांब. त्याहून जवळ नाही! जवळ गेलं की बेस, पाय आणि ग्लव्ह एका नजरेत मावत नाहीत. अंतर थोडं चुकलं तर चालेल, कोन चुकता कामा नये. क्रिकेटमध्ये बोलर्स एण्डचा अम्पायर रनआउटच्या वेळी बाजूला धावत जाऊन क्रीज आडवी बघतो, तेच हे. फक्त चेंडू सेकंड बेसमनजवळ गेला तर आत घुसायचं नाही, नाहीतर त्याच्या थ्रोच्या रस्त्यात आपणच उभे!

मग थांबायचं. वाकायचं. थ्रो सरळ येतोय एवढं दिसलं की नजर बेसवर खिळवायची आणि कान ग्लव्हकडे. पाय डोळ्यांनी बघायचा, चेंडू कानांनी ऐकायचा.

पहिल्या बेसवर रनर असला की ही सोय जाते. मग जागा ‘बी’, मैदानाच्या पोटात, पिचरच्या मागे थोडं उजवीकडे. डबल प्ले झाला तर आधी दुसऱ्या बेसवरचा निर्णय, मग थ्रोबरोबर अंग वळवून पहिल्या बेसकडे दोन पावलं आणि पुन्हा ब्रेक. इथून बेस जवळपास ५० फुटांवर. इंजिनीअर असल्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवेना. ग्लव्हचा आवाज तिथून माझ्या कानात यायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला सहा मीटर पळणारा पोरगा वीतभर पुढे सरकलेला असतो! म्हणजे नुसत्या कानावर विसंबलात तर आउट असलेला सेफ वाटणार. आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘छान. आता पाय हलव.’

सगळ्यात छळलं ते पिव्हटने. चेंडू आउटफील्डला गेला की ‘ए’वरून आत धावायचं, पाय रोवून गर्रकन वळायचं, छाती चेंडूकडे, आणि तिरक्या नजरेने बॅटर बेसला पाय लावतोय ना ते बघायचं. मी ड्राइव्हवेत चपला बेस म्हणून मांडून प्रॅक्टिस करायचो. शेजारीण गुजराती. तिला वाटलं, गरबा!

या जागेवर मोठमोठे फसलेत. १९८५च्या वर्ल्ड सीरिजमधल्या सहाव्या मॅचमध्ये डॉन डेन्किंगर यांनी पहिल्या बेसवर आउट असलेल्या होर्हे ओर्टाला सेफ दिलं. प्रेक्षकांच्या गोंगाटात ग्लव्हचा आवाजच ऐकू आला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. २ जून २०१०ला डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गलारागा परफेक्ट गेमपासून फक्त एक आउट दूर होता. तोवर मेजर लीगच्या इतिहासात असे फक्त २० गेम झाले होते. वीसहून जास्त वर्षांचा अनुभव असलेल्या जिम जॉइस यांनी सत्ताविसाव्या बॅटरला सेफ दिलं. चूक! मॅचनंतर रिप्ले बघून ते गलारागाला भेटले आणि रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः टीमची यादी द्यायला त्यांच्यासमोर आला. असे निर्णय रिप्लेवर तपासायची सोय मेजर लीगमध्ये २०१४पासून आली. आमच्या पार्कात तर कॅमेरा म्हणजे आईबाबांचे मोबाइल.

जॉइस यांची गोष्ट वाचल्यापासून तो डावखुरा डोक्यातून जाईना. दीड महिन्याने त्याची टीम पुन्हा माझ्या वाट्याला आली. आणि काय योगायोग, पुन्हा शॉर्टस्टॉपकडेच सरपटी चेंडू. मी आत आलो. थांबलो. ग्लव्हचा ‘ठप्प’ आला, मग बुटाचा धप्प. ‘आउट!’ तो रेषेपलीकडून वळून परत येताना म्हणाला, ‘क्लोज होतं ना, ब्लू?’ इथे अम्पायरला ब्लू म्हणतात, शर्ट कुठल्याही रंगाचा असो.

‘हो,’ मी म्हटलं.

मॅच संपल्यावर कुंपणापाशी त्याला गाठलं. ‘मागच्या वेळी तू सेफ होतास,’ म्हटलं. ‘माझं चुकलं. सॉरी.’

‘माहितीये,’ तो म्हणाला आणि बॅग खांद्यावर टाकून आईच्या गाडीकडे गेला.