डॉनिंग्टन पार्क: कागदावर मिळालेली आणि जमिनीवर न झालेली शर्यत

४ जुलै २००८. सिल्व्हरस्टोन सर्किटवर फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश ग्रां प्रीच्या सरावाचा शुक्रवार. त्याच दिवशी जाहीर झालं, की २०१० पासून सतरा वर्षं ही शर्यत सिल्व्हरस्टोनला होणार नाही. ती लेस्टरशरमधल्या डॉनिंग्टन पार्क सर्किटवर होईल. करार झाला होता, तारीख ठरली होती. सर्किट मात्र अजून फॉर्म्युला वनच्या मापाचं झालेलं नव्हतं. ते करायला सुमारे दहा कोटी पौंड लागणार होते, आणि बांधकामाची परवानगी अजून मिळायची होती.

पुढच्या दीड वर्षात जे झालं, त्यातून सर्किटचा पुनर्विकास नेमका कुठे अडतो हे फार स्वच्छ दिसतं. बातम्यांमध्ये ‘परवानगी रखडली’ आणि ‘पैसा आटला’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. डॉनिंग्टनमध्ये त्या कशा अडकल्या, हे सावकाश पाहू.

आधी जागा. डॉनिंग्टन पार्क ही मूळची एका मोठ्या हवेलीभोवतीची वनराई, शेजारी शेकडो वर्षांचे ओक. १९३१ साली इथे मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. १९३७ मध्ये बर्न्ड रोझमायर आणि १९३८ मध्ये ताझिओ नुव्होलारी यांनी ऑटो युनियनच्या गाड्यांवर इथली ग्रां प्री जिंकली. मग युद्ध आलं, लष्कराने जागा ताब्यात घेतली आणि ट्रॅकवर लष्करी वाहनांचा तळ झाला. टॉम व्हीटक्रॉफ्ट हा लेस्टरचा बांधकाम व्यावसायिक लहानपणी इथल्या शर्यती पाहून वेडावला होता. त्याने १९७१ मध्ये ही ओसाड पडलेली जागा विकत घेतली, १९७३ मध्ये रेसिंग गाड्यांचं संग्रहालय उघडलं आणि १९७७ मध्ये शर्यती पुन्हा सुरू केल्या. ११ एप्रिल १९९३ ला, ईस्टरच्या रविवारी, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत भर पावसात ड्रायव्हर आयर्टन सेन्ना सुरुवातीला पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला आणि पहिलीच फेरी संपताना सगळ्यांच्या पुढे होता. ते याच ट्रॅकवर. हॉलिवूड नावाच्या वळणानंतर रस्ता क्रेनर कर्व्ह्जमधून उतारावर धावत सुटतो, ओल्ड हेअरपिनला तळ गाठतो आणि तिथून परत चढायला लागतो. जमिनीचा हा उतार कुणी आखलेला नाही, तो तिथे होताच. असल्या ट्रॅकबद्दल मला निव्वळ हिशेबाने लिहिता येत नाही.

पण २००८ च्या फॉर्म्युला वनला सुंदर उतार पुरत नव्हता. डझनभर संघ सामावतील अशी पिटची इमारत, तिच्या मागे प्रशस्त पॅडॉक, ट्रॅकबाहेर निसटणाऱ्या गाडीला थांबायला मोकळी जागा, वैद्यकीय केंद्र, पाहुण्यांची दालनं, लाखभर माणसांची येण्याजाण्याची सोय, आणि या सगळ्यावर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची पहिल्या दर्जाची मान्यता. जगभरची नवी सर्किटं आखणाऱ्या हेरमान टिल्केंकडे आराखड्याचं काम गेलं. ट्रॅकला नवा लूप आणि नवीकोरी पिट इमारत असा बेत होता.

आता माणसं. या गोष्टीत चार पक्ष आहेत आणि चौघांच्या हातात वेगवेगळी किल्ली आहे. जमीन व्हीटक्रॉफ्ट कुटुंबाची. सर्किट चालवण्याचा हक्क डॉनिंग्टन व्हेंचर्स लीझर या कंपनीचा. सायमन जिलेट हा तिचा चेहरा, आणि तिने २००७ मध्ये दीडशे वर्षांचा भाडेपट्टा घेतलेला. शर्यत देण्याचा हक्क बर्नी एक्लस्टन यांच्याकडच्या फॉर्म्युला वन संस्थेचा. आणि बांधू द्यायचं की नाही हे ठरवणार नॉर्थ वेस्ट लेस्टरशर डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था. जिलेट यांच्या कंपनीकडे करार होता आणि ताबा होता. जमीन, परवानगी आणि पैसा या तिन्हींसाठी तिला दुसऱ्याच्या दारी जावं लागणार होतं.

इंग्लंडमध्ये जमीन स्वतःची असली तरी तिच्यावर काय बांधायचं हे मालक एकटा ठरवू शकत नाही. १९४७ च्या कायद्यापासून त्याला परवानगी लागते. आपल्याकडे शेतजमीन बिनशेती करून घेताना जसे निरनिराळ्या खात्यांचे अभिप्राय मागवले जात असत, तशीच तिथेही फाइल फिरते. फरक असा, की मोठ्या प्रकल्पांचा शेवटचा निर्णय सहसा निवडून आलेल्या सदस्यांची समिती उघड्या बैठकीत घेते, आणि गावातल्या कुणालाही त्याआधी आपलं म्हणणं नोंदवता येतं. सर्किटच्या बाबतीत दोन गोष्टींवर घोडं हमखास अडतं: रस्ते आणि आवाज.

डॉनिंग्टन हे एम-वन महामार्गालगत, ईस्ट मिडलँड्स विमानतळाच्या कुशीत आहे. नकाशावर हे सोयीचं वाटतं. पण शर्यतीच्या रविवारी लाखभर माणसं आपापल्या गाड्या घेऊन निघाली तर महामार्ग तुंबतो, आणि विमान पकडायला निघालेला माणूसही अडकतो. म्हणून योजनेत प्रेक्षकांच्या गाड्या सर्किटजवळ येऊच द्यायच्या नाहीत असं ठरलं. लांब पार्किंग, तिथून बस, आणि २००९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ईस्ट मिडलँड्स पार्कवे रेल्वे स्टेशनवरूनही बस. कागदावर हे उत्तम होतं. पण बस भाड्याने घ्यायच्या, शेतं वाहनतळासाठी मिळवायची, वाहतुकीची माणसं नेमायची, या प्रत्येक वाक्यामागे खर्च उभा असतो. परवानगीची प्रत्येक अट म्हणजे बजेटमधली एक नवी ओळ.

आवाजाचं प्रकरण त्याहून नाजूक. परवानगी मिळाली म्हणजे शेजाऱ्यांची तोंडं बंद झाली, असा समज बऱ्याच ठिकाणी असतो. २००९ च्या जानेवारीतच इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नॉर्थ यॉर्कशरमधल्या क्रॉफ्ट सर्किटच्या खटल्यात निकाल दिला. सर्किटकडे शर्यतींची परवानगी होती, तरी शेजारच्या रहिवाशांना होणारा उपद्रव उपद्रवच राहतो असं ठरलं. खालच्या न्यायालयाने जवळपास दीड लाख पौंडांची भरपाई दिली होती. अपील न्यायालयाने वर मनाईहुकूम दिला आणि मोठ्या आवाजाचे दिवस वर्षाला चाळीसवर आणले. सर्किटच्या मिळकतीचं माप दिवसांत असतं. ट्रॅक डे, क्लबांच्या शर्यती, गाडी चालवण्याचे अनुभव, कंपन्यांच्या चाचण्या हे सगळं दिवसावर विकलं जातं. आवाजाचा दिवस कमी झाला की उत्पन्नाचा दिवस गेला, आणि कर्ज देणारा हे बारकाईने वाचतो.

कौन्सिलने जानेवारी २००९ मध्ये डॉनिंग्टनच्या आराखड्याला अटींसह मान्यता दिली. वर्तमानपत्रांत ‘हिरवा कंदील’ असे मथळे आले. पण इतक्या मोठ्या प्रकल्पात समितीची मान्यता म्हणजे शेवटचा कागद नसतो. १९९० च्या नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली विकासकाला करारनामा करावा लागतो: रस्त्यासाठी इतकं, सार्वजनिक वाहतुकीसाठी इतकं, अमुक गोष्ट अमुक मुदतीत. ही बंधनं जमिनीला चिकटतात, उद्या मालक बदलला तरी सुटत नाहीत. म्हणून जमिनीत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांच्या सह्या लागतात. भाडेकरू सर्किट चालवत असेल, तर मालकाचं मन वळवणं हाही परवानगीचाच भाग होऊन बसतो.

आणि इथेच पैशाचा धागा येऊन मिळतो.

फॉर्म्युला वनची शर्यत भरवणाऱ्याच्या हाती काय राहतं, ते आधी पाहायला हवं. तो हक्कधारकाला दरवर्षी यजमानपदाची फी देतो, आणि ती करारानुसार दरवर्षी वाढत जाते. ट्रॅकलगतच्या जाहिराती, दूरचित्रवाणीचे हक्क, बड्या पाहुण्यांच्या दालनांची मिळकत सहसा हक्कधारकाकडे जाते. यजमानाला उरतात मुख्यतः तिकिटं. सिल्व्हरस्टोनचे आकडे पुढे जाहीर झाले, त्यांवरून अंदाज येतो. २०१० मध्ये १ कोटी १५ लाख पौंड असलेली फी २०१७ पर्यंत १ कोटी ६२ लाखांवर गेली, आणि स्टँड भरलेले असूनही २०१५ मध्ये २८ लाख आणि २०१६ मध्ये ४८ लाख पौंडांचा तोटा झाला. ज्यांच्याकडे इमारती आधीपासून होत्या, त्यांची ही स्थिती. डॉनिंग्टनला अशाच धंद्यातून बांधकामाचं कर्जही फेडायचं होतं.

जिलेट यांचा पहिला बेत डिबेंचरचा होता: विंबल्डनमध्ये जसे प्रेक्षक आगाऊ मोठी रक्कम भरून अनेक वर्षांसाठी जागा राखून ठेवतात, तसं. कल्पना वाईट नव्हती. पण विंबल्डनचं कोर्ट उभं आहे, तिथली खुर्ची दाखवता येते. इथे न बांधलेल्या स्टँडमधली जागा विकायची होती. करार झाल्यावर अडीच महिन्यांच्या आत, १५ सप्टेंबर २००८ ला, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक कोसळली. आगाऊ पैसे भरणारे श्रीमंत चाहते आणि कंपन्या दोघांनीही हात आखडते घेतले, बँकांनी तर दारंच लावून घेतली. डिबेंचरचा बेत सोडावा लागला.

मग २००९ च्या वसंतात बातमी आली, की व्हीटक्रॉफ्ट कुटुंबाच्या कंपनीने थकलेल्या भाड्यापोटी २४ लाख ७० हजार पौंडांचा दावा लावला आहे. दहा कोटींच्या प्रकल्पात ही रक्कम किरकोळ वाटते. माझ्या मते मात्र प्रकल्पाला जिव्हारी लागणारा घाव तोच होता, आणि त्याचं कारण भाडेपट्ट्याच्या स्वरूपात आहे.

कंपनीकडे जमीन नव्हती, होता तो दीडशे वर्षांचा पट्टा. कर्ज देणाऱ्याला तारण म्हणून दाखवण्यासारखी तीच एक भरीव गोष्ट. पण भाडं थकलं तर मालक पट्टा संपवायला जाऊ शकतो. पट्टा गेला, की त्यावर उभी केलेली पिट इमारत, नवा लूप, स्टँड सगळं मालकाकडे जातं आणि कर्ज देणाऱ्याच्या हाती रिकाम्या कंपनीचे कागद उरतात. म्हणजे भाड्याचा वाद मिटेपर्यंत कुणी मोठं कर्ज देणार नाही. मोठं कर्ज मिळेपर्यंत कंपनीकडे भाडं द्यायला पैसे नाहीत. आणि मालक-भाडेकरू कोर्टात समोरासमोर असताना एकत्र सह्या करण्याचे कागद पुढे सरकणं अवघड. हा वाद पुढे कोर्टाबाहेर मिटला. पण त्यात महिने गेले, आणि शर्यत २०१० च्या जुलैत होती.

तारीख हलत नाही, हे या प्रकारच्या बांधकामाचं सगळ्यात कठोर वैशिष्ट्य. इमारत सहा महिने उशिरा झाली तर दुकानदार रागावतात, भाडं बुडतं, पण इमारत वापरात येते. शर्यतीचा रविवार चुकला की त्या वर्षाची सगळी मिळकत जाते आणि करार मोडल्याचा ठपका येतो. मागून मोजायला लागलं तर हिशेब असा होतो: जुलैच्या बऱ्याच आधी महासंघाची तपासणी, त्याआधी डांबराचा थर पूर्ण होऊन मुरलेला, त्याआधी हिवाळ्यातली ओली माती उकरून झालेली. म्हणजे २००९ च्या शरदात पूर्ण पैसा हातात हवाच होता. काम थोडं सुरूही झालं. मातीचे ढीग उभे राहिले, आणि मोसम संपल्यावर ट्रॅकचा काही भागही उकरला गेला.

शेवटचा प्रयत्न साडेतेरा कोटी पौंडांच्या रोख्यांचा. ऑक्टोबर २००९ च्या अखेरच्या मुदतीपर्यंत ते उभे राहिले नाहीत आणि शर्यतीचा हक्क गेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला टॉम व्हीटक्रॉफ्ट ८७ व्या वर्षी वारले. ज्या माणसाने हा ट्रॅक एकदा लष्करी भंगारातून वर काढला होता, त्याच्या अखेरच्या दिवसांत तो पुन्हा उकरलेला पडावा, याची खंत वाटते. नोव्हेंबरमध्ये कंपनीचा कारभार दिवाळखोरी प्रशासकांकडे गेला. वर्ष संपता संपता पट्टा कुटुंबाकडे परत आला.

७ डिसेंबर २००९ ला सिल्व्हरस्टोनने सतरा वर्षांचा करार केला. तिथेही नवी पिट इमारत हवी होतीच, मग त्यांना कसं जमलं? जमीन आणि सर्किट दोन्ही ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबच्या हातात होतं, त्यामुळे मालक-भाडेकरू हा पेच नव्हता. आणि त्यांनी काम तुकड्यांत केलं. २०१० ची शर्यत बदललेल्या ट्रॅकवर पण जुन्याच पिटमधून झाली. सुमारे २ कोटी ७० लाख पौंडांची ‘विंग’ इमारत २०११ च्या मे महिन्यात उघडली. शर्यत चालू राहिली, तिकिटं विकली गेली, आणि एक टप्पा अडला असता तरी आधीचा टप्पा वाया गेला नसता. डॉनिंग्टनच्या योजनेत असा मधला थांबा नव्हता. एक तर सगळं, नाही तर काहीच नाही.

नुसती परवानगी हातात असून भागत नाही याचं दुसरं उदाहरण वेल्समध्ये एब व्हेलजवळच्या ‘सर्किट ऑफ वेल्स’चं. २०१३ मध्ये बांधकामाला तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण २०१७ च्या जूनमध्ये वेल्स सरकारने प्रकल्पाला आर्थिक हमी नाकारली. ती हमी सरकारी कर्ज म्हणून धरली जाण्याचा धोका होता. तिथे ट्रॅक कधीच झाला नाही.

डॉनिंग्टन मात्र वाचलं. उकरलेला भाग भरून ट्रॅक २०१० मध्येच पुन्हा वापरात आला आणि २०११ मध्ये वर्ल्ड सुपरबाइकच्या शर्यती परतल्या. इथे होणारी मोटारसायकलींची मोटो जीपी शर्यत तेवढी सिल्व्हरस्टोनला गेली ती गेलीच. २०१७ मध्ये माजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर जोनाथन पामर यांच्या मोटरस्पोर्ट व्हिजन कंपनीने सर्किट चालवायला घेतलं. ब्रँड्स हॅच, औल्टन पार्क यांसारखी सर्किटं ही कंपनी आधीपासून चालवत होती, म्हणून ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने हा व्यवहार तपासून मगच मोकळा केला. या वेळचा भाडेपट्टा एकवीस वर्षांचा होता.