वसतिगृहाचे फाटक आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांपैकी एक. एकट्या २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यामुळे या आदेशाची निकड वेगळी सांगायला नको. तथापि समुपदेशकापुढे मांडल्या जाणाऱ्या दुःखांपैकी काही दुःखे संस्थेची नियमावलीच निर्माण करते, याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. स्त्रीने कसे वागावे, पुरुषाने कसे दिसावे, कोणी कोणावर प्रेम करावे, याविषयीचे सामाजिक संकेत विद्यापीठात शिस्तीचे रूप धारण करतात.

या शिस्तीला इतिहास आहे. १८८३ मध्ये कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी मुलीला शिकू देणाऱ्या कुटुंबाला संस्थेकडून घरासारख्याच पहाऱ्याची हमी हवी असे. वसतिगृहाचे अधीक्षक पालकाच्या जागी आले ते या तडजोडीतून. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये अठरा वर्षांच्या नागरिकाला मताधिकार दिला. देशाचे सरकार निवडण्यास पात्र असलेली तरुणी ग्रंथालयातून रात्री केव्हा परतावे हे मात्र अनेक ठिकाणी आजही ठरवू शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्येच बजावले होते की, सुरक्षिततेची सबब सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. तरीही २०१५ मध्ये दिल्लीतील विद्यार्थिनींना ‘पिंजरा तोड’ ही मोहीम उभारावी लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीविरुद्ध दाद मागणाऱ्या मुलींवर लाठीमार झाला. २०२२ मध्ये कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना रात्री साडेनऊच्या बंधनाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर राज्य सरकारने मुलामुलींसाठी समान नियम जाहीर केले. मुलींना कोंडून ठेवल्याने त्रास देणाऱ्याला कोणतीही अडचण होत नाही. शिवाय उशिरा बाहेर असल्याचा ठपका आपल्यावरच येईल, या भीतीने तक्रारही दडपली जाते.

या संकेतांची किंमत मुलेही मोजतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा सज्जातून पडून मृत्यू झाला. ‘मी समलिंगी नाही’ असे तो वारंवार सांगत होता, अशी वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली. नवागताच्या पुरुषत्वाची परीक्षा घेणे हा रॅगिंगचा जुना प्रकार आहे. तो चालतो याचे कारण, समलिंगी असणे ही नामुष्की होय, हे छळणारा आणि छळला जाणारा दोघांनीही गृहीत धरलेले असते.

पारलिंगी व्यक्तींच्या अधिकारांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्यता दिली. २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. विद्यापीठांचे प्रवेश अर्ज त्यानुसार बदलू लागले. बहुतेक वसतिगृहे मात्र ‘मुले’ आणि ‘मुली’ या दोनच फाटकांवर थांबली. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि हैदराबादचे नालसार विधी विद्यापीठ यांनी लिंगभेदनिरपेक्ष निवासाची सोय केली, ती अजूनही अपवादच आहे.

उपायांसाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. लैंगिक छळासंबंधी आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचीही दखल आहे. तक्रार समित्यांनी ती प्रत्यक्षात आणावी. वसतिगृहाचे नियम सर्वांना समान असावेत. जीविताला धोका नसेल, तर प्रौढ विद्यार्थ्याच्या संमतीवाचून त्याच्या खासगी आयुष्याची वार्ता घरी कळवू नये. आपली लैंगिक ओळख घरच्यांपासून लपवणाऱ्यासाठी असे एक पत्र शिक्षणही संपवू शकते आणि आसराही. समुपदेशकाकडील नोंदी शिस्तपालन समितीच्या हाती जाणार नाहीत, याची लेखी हमी द्यावी. या हमीवाचून नेमलेल्या समुपदेशकाची पाटी दारावर लागेल, पण ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे तो विद्यार्थी ते दार ठोठावणार नाही.