मोटारीची ठिणगी

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे एंजिन म्हणजे एक प्रकारची चूलच होय. चुलीत लाकडे रचलेली आहेत, वाराही खेळतो आहे. परंतु काडी ओढल्यावाचून ती पेटत नाही. एंजिनातही पेट्रोलची वाफ आणि हवा ह्यांचे मिश्रण तयार असते. त्याला अचूक क्षणी पेटवणारी काडी म्हणजे स्पार्क प्लग. हाताच्या बोटाएवढी ही वस्तू एंजिनाच्या वरच्या भागात आट्यांनी घट्ट बसवलेली असते. ह्या भागाला मिस्त्री ‘हेड’ म्हणतात. बाहेरून प्लगचे पांढरे, गुळगुळीत अंग तेवढे दिसते. त्याचे खरे काम आत, डोळ्यांआड चालते.

विजेच्या ठिणगीने एंजिन चालवण्याची कल्पना जुनी आहे. १८६० साली फ्रान्समध्ये एत्येन लेन्वार ह्याने वायूवर चालणारे एंजिन तयार केले. त्यातील वायू विजेच्या ठिणगीनेच पेटवला जाई. पुढे १९०२ साली जर्मनीतील रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड ह्या अभियंत्याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारे मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या एंजिनालाही खात्रीची ठिणगी मिळू लागली. भारतात १९५१ साली बंगळूर येथे ‘मायको’ ह्या नावाने ओळखली जाणारी कंपनी स्थापन झाली, आणि तिचे प्लग गावोगावच्या मिस्त्रींच्या परिचयाचे झाले.

ह्या लहानशा वस्तूला किती काम पडते, ह्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. मोटारीच्या एंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडावी लागते. म्हणजे प्रत्येक प्लगला मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकावी लागते. त्या वेळी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती मिनिटाला एक किलोमीटर जाते. ह्या हिशेबाने एका किलोमीटरला १,५०० ठिणग्या झाल्या, आणि १५,००० किलोमीटरच्या प्रवासात २ कोटी २५ लाख!

प्लगच्या मधोमध धातूची एक कांडी असते. तिच्याभोवती ॲल्युमिना नावाचा पदार्थ भाजून केलेले कवच असते. त्यातून वीज बाहेर फुटत नाही. त्याभोवती आटे पाडलेले पोलादी अंग असते. तळाशी कांडीच्या टोकासमोर धातूचा दुसरा तुकडा वाकवलेला असतो आणि दोहोंमध्ये एक बारीक फट ठेवलेली असते. बॅटरीतील १२ व्होल्टचा दाब कॉइल नावाच्या वेटोळ्यात वाढून हजारो व्होल्ट होतो, तेव्हा वीज ही फट ओलांडते. तीच ठिणगी. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा सूक्ष्म कण झिजतो. दिवसेंदिवस फट रुंदावत जाते आणि ती ओलांडणे विजेला अधिकाधिक कठीण होते. म्हणूनच प्लग ठरावीक काळाने बदलावा लागतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत ह्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मारुती ८०० ह्या गाडीचे उदाहरण घेऊ. १९८३ सालच्या डिसेंबरात भारतात तिची विक्री सुरू झाली आणि २०१४ सालापर्यंत ती तयार होत होती. तिच्या एंजिनाला तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीन. कोणी शाळेला जाण्यासाठी, कोणी दुकानाचा माल आणण्यासाठी, तर कोणी रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी अशी जुनी गाडी रोज वापरतो. तिनांपैकी एक प्लग निकामी झाला, की एंजिनाची एकतृतीयांश शक्ती गेली! गाडी झटके देते, चढावर दम टाकते, सकाळी लवकर सुरू होत नाही आणि पेट्रोल अधिक पिते. मिस्त्री अशा वेळी ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतून वाया जाते. धूर शुद्ध करणारे उपकरण ज्या गाड्यांना बसवलेले असते, त्यांत ते पेट्रोल जाऊन पेटते, आणि ते महागडे उपकरण तापून खराब होते.

मग दुकानात जाऊन कोणताही नवा प्लग आणला तर चालेल काय? मुळीच नाही. सगळे प्लग वरवर पाहता सारखे दिसतात. परंतु त्यांच्यात महत्त्वाचे भेद असतात.

पहिला भेद मापाचा. बहुतेक मोटारींच्या प्लगचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे असतात. परंतु आट्यांची लांबी निरनिराळी असते. कोठे ती १२.७ मिलिमीटर असते, तर कोठे १९ मिलिमीटर. आखूड प्लग बसवला, तर ठिणगी हेडच्या छिद्रातच लपून राहते आणि मिश्रण नीट पेटत नाही. शिवाय उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी बसते. लांब प्लग बसवला, तर वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. मग काही क्षणांत एंजिनाची मोडतोड होते. प्लगची बैठकही दोन प्रकारची असते: काहींच्या खाली चपटा वॉशर असतो, तर काहींची बैठक निमुळती असते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दुसरा भेद उष्णतेचा, आणि तो ओळखणे सर्वांत अवघड. एंजिनात पेटलेल्या मिश्रणाचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. प्लगचे टोक त्या आगीत असते. ते सुमारे ४५० अंशांपेक्षा थंड राहिले, तर त्याच्यावर काजळी साचते. कारण ती जळून जाण्याइतकी उष्णता तेथे नसते. ते सुमारे ९०० अंशांच्या पलीकडे तापले, तर निखाऱ्याप्रमाणे लाल होऊन ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवते. अशा अवेळी पेटण्याने पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते. ह्या दोन मर्यादांच्या आत टोक राहावे, म्हणून प्लग ‘उष्ण’ आणि ‘शीत’ अशा निरनिराळ्या श्रेणींचे केलेले असतात.

ह्या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. उष्ण प्लगची ठिणगी अधिक उष्ण असते असे नाही. फरक असतो तो उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेत. ओसरीवर बसलेला मनुष्य चटकन घराबाहेर पडतो. माजघरातल्याला वेळ लागतो. शीत प्लगच्या आतील कवचाचे नाक आखूड असते, म्हणून उष्णता लवकर पोलादी अंगात आणि तेथून हेडमध्ये निघून जाते. उष्ण प्लगचे नाक लांब असते, म्हणून ती रेंगाळते आणि टोक तापलेले राहते. गावातल्या गावात थांबत थांबत फिरणाऱ्या गाडीचे प्लग थंड राहून काजळतात, तर भर उन्हाळ्यात सामान भरून खंबाटकीचा घाट चढणाऱ्या गाडीचे प्लग अतिशय तापतात. गाडी घडवणाऱ्या अभियंत्यांनी दोन्ही प्रसंगांचा विचार करूनच श्रेणी ठरवलेली असते.

ही सर्व माहिती प्लगच्या अंगावरील क्रमांकात सांकेतिक रीतीने लिहिलेली असते. एन.जी.के. ह्या जपानी कंपनीच्या ‘बी.पी.आर. ६ ई.एस.’ ह्या क्रमांकात ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, ‘पी’ म्हणजे पुढे आलेले नाक, ‘आर’ म्हणजे रेडिओतील खरखर टाळणारा रोधक, ‘६’ ही उष्णतेची श्रेणी आणि ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. ह्या कंपनीच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग अधिक शीत होतो. बॉश कंपनीची पद्धत नेमकी उलटी आहे. तेथे आकडा वाढला की प्लग अधिक उष्ण होतो! त्यामुळे एका कंपनीचा ६ आणि दुसरीचा ६ हे सारखे नव्हेत. कंपनी बदलायची असेल, तर तिच्या तुलनापत्रकात जोडीचा क्रमांक पाहावा लागतो. मूळ क्रमांक शोधण्याची खात्रीची जागा म्हणजे गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका. जुन्या गाडीत सध्या बसलेला प्लग पाहून तसाच आणणे धोक्याचे आहे; कारण पूर्वी कोणीतरी चुकीचा प्लग बसवलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट फटीची. जुन्या गाड्यांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, तर पुढच्या काळातील कित्येक गाड्यांत १.१ मिलिमीटरपर्यंत ठेवलेली असते. नव्या प्लगची फटही पातळ पात्यांच्या गेजने मोजून मगच तो बसवावा. गाडी सी.एन.जी. वायूवर चालत असेल, तर तो पेटवण्यास अधिक दाबाची वीज लागते; म्हणून अशा गाडीत फट बहुधा थोडी कमी ठेवतात.

आता धातू आणि किंमत. ज्याला दुकानात तांब्याचा प्लग म्हणतात, त्याच्या गाभ्यात तेवढे तांबे असते. टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. म्हणून इरिडियमचे टोक अगदी बारीक करता येते आणि ते कितीतरी पट अधिक टिकते. त्याची किंमतही तशीच अधिक असते. परंतु ज्या जुन्या गाडीचे एंजिन निकेलच्या प्लगसाठी घडवलेले आहे, तिला इरिडियमने नवे बळ येत नाही. त्यातच एंजिन तेल जाळत असेल, तर महाग प्लगही स्वस्त प्लगप्रमाणेच काजळतो. तिच्यासाठी योग्य क्रमांकाचा साधा प्लग वेळेवर बदलणे हेच शहाणपणाचे. उलट, ज्या गाडीसाठी इरिडियमच सांगितले आहे, तिला स्वस्त प्लग बसवून बचत होत नाही.

नवा प्लग बसवण्यापूर्वी जुना प्लग नीट पाहावा. वैद्य जसा रोग्याची जीभ पाहतो, तसा जाणता मिस्त्री प्लगचे टोक पाहतो. ते फिकट तपकिरी असेल, तर एंजिनाची प्रकृती ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. टोक तेलाने ओले असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. ते पांढरेफटक व फोड आल्यासारखे असेल, तर टोक फार तापते आहे. अशा वेळी केवळ प्लगची श्रेणी बदलणे म्हणजे ज्वर तसाच ठेवून कपाळावरची पट्टी बदलण्यासारखे आहे. मूळ बिघाडच दुरुस्त केला पाहिजे.

बसवण्याचे काम एंजिन थंड झाल्यावरच, आणि जाणत्या माणसाने करावे. वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून एकेक प्लग काढावा व बसवावा. नवा प्लग आधी हाताने फिरवावा, म्हणजे आटे वाकडे बसत नाहीत. तो टेकला, की चपट्या वॉशरचा प्लग पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा. निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहून पुष्कळ कमी पुरते. अधिक जोर लावल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे झडतात, आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो.

प्लगची किंमत एंजिनाच्या मानाने नगण्य असते. परंतु एवढ्याशा वस्तूच्या निवडीवर गाडी वाटेत थांबणार की घरी पोहोचणार, हे अवलंबून असते. म्हणून दुकानदारापुढे ‘सर्वांत चांगला प्लग कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ह्या एंजिनाला योग्य प्लग कोणता?’ असे ज्याने विचारले, त्याची जुनी गाडीही रोज सकाळी पहिल्याच ठिणगीला साद देते.