बर्फातली वीज

वळवाची वीज तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. वैशाखाची काहिली, दुपार कलता कलता भरून आलेलं आभाळ, मग कडकडाट. म्हणून वीज म्हटली की आपल्याला उन्हाळाच आठवतो. पण बाळांनो, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर कानाझावा नावाचं शहर आहे. तिथे वर्षाकाठी चाळीसहून जास्त दिवस ढग गडगडतात आणि त्यातले बहुतेक दिवस हिवाळ्यातले. बाहेर बर्फ पडतोय, अपरात्र झालीय, आणि खिडक्या हादरवणारी वीज कोसळते!

ही वीज घडते कशी, ते ऐका. सुरुवात सायबेरियात होते. तिथली हवा आठवडेच्या आठवडे गोठत पडलेली असते, उणे 30, उणे 40 अंशांपर्यंत. गार हवा जड. ती साचत जाते आणि वारा होऊन आग्नेयेकडे निघते. अगदी कोरडी ठाक. पुढे आडवा येतो जपानचा समुद्र. त्यात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह शिरतो, त्यामुळे कानाझावा ज्यात आहे त्या होकुरिकु प्रदेशाच्या किनाऱ्याजवळ भर थंडीतही पाणी दहा अंशांच्या आसपास राहतं. आपण त्यात पाय घातला तर कुडकुडू. त्या वाऱ्याला मात्र ते चांगलंच ऊन!

तुम्ही विचाराल, दहा अंशांवर कुठे वळीव होतो? होतो ना. ढग उभा राहायला नुसती उष्णता लागत नाही. खालची हवा ऊन आणि वरची गार, असा मोठा फरक लागतो. वैशाखात तो तापलेली जमीन देते, इथे समुद्र देतो. खालची हवा पाण्याची ऊब आणि वाफ घेऊन वर चढते, तिच्या जागी वरची गार हवा उतरते. तुमच्या पुस्तकातलं अभिसरण ते हेच. उपग्रहाच्या चित्रात हे सगळं स्पष्ट दिसतं: सायबेरियाचा किनारा सोडल्यावर थोडं अंतर आभाळ मोकळं, मग बारीक पांढऱ्या रेघा, आणि जपान जवळ येईल तशा त्या जाड होत जातात.

आता ढगाच्या पोटात शिरू या. तिथे गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते बर्फाच्या कणावर आदळले की जागीच गोठतात आणि साबुदाण्याएवढ्या ठिसूळ पांढऱ्या गोळ्या तयार होतात. या गोळ्या जड, म्हणून खाली येऊ पाहतात. बारीक हिमस्फटिक हलके, ते वर जातात. वाटेत दोघांची टक्कर होते आणि विद्युतभाराची देवाणघेवाण होते. त्सुतोमु ताकाहाशी यांनी 1978 साली प्रयोगशाळेतले प्रयोग मांडून दाखवलं की कडक थंडीत, साधारण उणे 10 अंशांच्या खाली, गोळीला ऋण भार मिळतो आणि स्फटिकाला धन. त्याहून उबदार थरात नेमकं उलटं. जमिनीवर पडतानाही या दोघांच्या वाटा वेगळ्या. गोळ्या किनाऱ्यालगतच तडतडतात; स्फटिक वाऱ्यावर तरंगत आत जातात आणि डोंगरांवर बर्फाचे ढीग घालतात.

वळवाचा ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो. हा बुटका, तीन ते पाच किलोमीटरच. त्यात वरचा जोरदार वारा त्याला तिरका करतो. मग माथ्यावरचा धन भार बाजूला सरकून थेट जमिनीसमोर येतो. एरवी जमिनीवर पडणाऱ्या दहातल्या नऊ विजा ऋण भार आणतात. इथे धन विजांचं प्रमाण कितीतरी मोठं. एका वेळी वीज एखादीच पडते, पण फार जबर असते. आणि ढग इतका खाली असतो, की पुष्कळदा मनोऱ्याच्या किंवा पवनचक्कीच्या टोकातूनच वीज निघते आणि वर ढगाकडे धावते! पवनचक्क्यांची पाती अशा विजांनी फुटतात. तोयामा उपसागरातल्या हिमी बंदराचे कोळी मात्र या गडगडाटाची वाट पाहतात. हिवाळ्याचा पहिला मेघ गर्जला की बुरी मासा आला, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा.

ढग खाली असण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. विजेतून गॅमा किरण निघतात. उंच ढगातले किरण हवेत विरून जातात. इथले जमिनीपर्यंत पोचतात. क्योतो विद्यापीठाचे तेरुआकी एनोतो आणि त्यांच्या सोबत्यांनी, काही पैसा लोकवर्गणीतून उभा करून, निइगाता प्रांतात काशिवाझाकीला मोजणीयंत्रं बसवली. 6 फेब्रुवारी 2017 ला समुद्रावर वीज चमकली. आधी क्षणभराचा गॅमा किरणांचा लोट आला. मग मिनिटभर किरण येत राहिले, आणि त्यांची ऊर्जा अगदी ठरावीक होती: 0.511 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना भेटून नाहीसे होतात, तेव्हाच ही खूण उमटते.

म्हणजे झालं काय? विजेच्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून एकेक न्यूट्रॉन उडवला. उरलेला नायट्रोजन-13 टिकाऊ नसतो. तो पॉझिट्रॉन फेकून कार्बन-13 होतो. अशा अणूंनी भरलेली हवा वाऱ्याबरोबर यंत्रांवरून सरकत गेली, म्हणून ते मिनिट लाभलं. बाळांनो, साध्या ढगात, लोकांच्या डोक्यावर, प्रतिद्रव्य जन्माला येत होतं! आता एनोतोंचा गट कानाझावातल्या नागरिकांनाच लहान मोजणीयंत्रं देतो, आणि हिवाळा आला की ती त्यांच्या घरांतून ढगांवर पहारा करतात.