होमवर्क... आईबाबांचा!

शिवनेरीचा ट्रेक, भीमाशंकरचा पाऊस आणि येताना हायवेवर मिसळ. जुन्नर-आंबेगावशी आपलं नातं बहुतेक वीकेंडपुरतंच! पण मुलांच्या शाळेत पालकांनी नेमकं करायचं काय, या प्रश्नाचं एक झकास उत्तर याच भागात मिळतं.

माझ्या निम्म्याअधिक मैत्रिणींची मुलं आता नर्सरी-केजीत आहेत. त्यामुळे आमच्या गप्पांमध्ये अप्रेजलची जागा हल्ली 'पीटीएम'ने घेतलीय. कुणाच्या शाळेचं अ‍ॅप दिवसभर नोटिफिकेशन्स पाठवतं, तर कुणी रात्री अकराला प्रोजेक्टसाठी कार्डशीट शोधत फिरतं. फी भरली, अ‍ॅपवर टिक केली, प्रोजेक्ट (स्वतःच!) पूर्ण केला, की झालं पालकत्व. पण ज्या आईने स्वतः शाळेचं तोंड जेमतेम पाहिलंय, तिने काय करायचं? तिचा काही रोल आहे की नाही?

एका तालुक्यात दोन जगं

नाशिक हायवेला लागलात की चाकण, राजगुरूनगर मागे टाकून आधी मंचर येतं, मग नारायणगाव. मंचर आंबेगाव तालुक्यात, नारायणगाव जुन्नरमध्ये. हा कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा बागायती पट्टा. ऊस, द्राक्षं, कांदा आणि टोमॅटो. पण मंचरहून डावीकडे वळलात, घोडेगाव आणि डिंभे धरण ओलांडून भीमाशंकरच्या दिशेने गेलात, की चित्र बदलतं. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, पावसावरचा भात, जंगलातला हिरडा. भाताची कामं उरकली की इथली अनेक कुटुंबं मजुरीसाठी खाली बागायती पट्ट्यात उतरतात.

इतकी दोन वेगळी जगं, पण शाळेचा विषय निघाला की दोन्हीकडे एकच वाक्य कानावर पडतं, 'आम्हाला काय कळतंय त्यातलं? बाई बघून घेतील!' खरा अडथळा इथेच आहे. आईबापांना मुलांची काळजी असतेच. पण आपल्याला काही येत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं.

पहिलं पाऊल

कोविडच्या काळात अंगणवाड्या बंद होत्या. पहिलीत येणारी मुलं त्या दोन वर्षांत ना गोष्ट ऐकून आली होती, ना हातात खडू धरून. म्हणून २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने 'प्रथम' संस्थेच्या साथीने 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यभर सुरू केलं. ही तीच 'प्रथम', जी १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली आणि २००५ पासून 'असर' अहवालासाठी ओळखली जाते.

आयडिया एकदम सिंपल. शाळेत एक मेळावा भरवायचा, तोही एखाद्या जत्रेसारखा! सात स्टॉल. पहिल्यावर नाव नोंदवायचं. मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारी असे पाच स्टॉल. मूल रेषेवरून चालतं, कागदाची घडी घालतं, चित्र बघून बोलतं, वस्तू मोजतं. त्याला काय जमलं, काय नाही, ते त्याच्या विकासपत्रावर लिहिलं जातं. आणि सातवा स्टॉल? तो खास आईसाठी! विकासपत्र बघून घरी काय करून घ्यायचं, हे तिला तिथे समजावून सांगतात.

साधारण एप्रिलमध्ये पहिला मेळावा होतो आणि शाळा उघडताना जूनमध्ये दुसरा. मधल्या सुट्टीत शेजारपाजारच्या काही आया मिळून मातागट चालवतात. त्यातली एक लीडर माता. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याच्या अ‍ॅक्टिव्हिटी येतात, त्या सगळ्या जणींनी आपापल्या घरी करून बघायच्या. वही-पुस्तक नसलं तरी काही अडत नाही.

क्रेटमधलं गणित

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे. लहान मुलाला आकडे शिकवण्याआधी काय यावं लागतं? लहान-मोठं ओळखणं, सारख्या वस्तू एकत्र करणं, क्रम लावणं. आता नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतात काम करणारी बाई दिवसभर काय करते? मोठा माल एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात, फुटका बाजूला. पश्चिमेकडच्या वाडीतली बाई बाळहिरडा आणि मोठा हिरडा वेगळा करते. म्हणजे गणनपूर्व तयारीच की! अक्षर न लिहिता येणारी आईसुद्धा हे मुलाला शिकवू शकते, कारण ती त्यातली एक्स्पर्ट आहे. तिला हे कुणीतरी सांगायला मात्र हवं.

वेळ कुठून आणायचा?

थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका! शाळेची मीटिंग सकाळी अकराला ठेवली, तर मजुरीला जाणाऱ्या आईचा अख्खा रोज बुडतो. ठीक आहे, मग संध्याकाळी ठेवू या? उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर मुलाला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे बिबट्याची भीती. ही भीती खोटी नाही. २०२५ च्या अखेरीस हल्ले वाढले, तेव्हा या भागातल्या शाळांच्या वेळासुद्धा बदलाव्या लागल्या. आणि पश्चिमेकडची जी मुलं मोठी होऊन आश्रमशाळेत राहायला जातात, त्यांच्या घरच्यांना तर रोजची पंधरा मिनिटंही मिळत नाहीत.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा बनवण्यापासून खर्चावर लक्ष ठेवण्यापर्यंतचे अधिकार या समितीला आहेत. पण खुर्चीवर बसायला जायचं, तर आधी त्या दिवसाची मजुरी सोडायची तयारी हवी!

आणि बाबा?

मातागट, लीडर माता, माता मेळावा... बाबांचा गट कुठेय हो? शेत तिने बघायचं, चूल तिने बघायची आणि आता मुलाची शाळापूर्व तयारीही तिनेच. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप चालतं तो फोन बऱ्याच घरांत बाबांच्या खिशात असतो! शहरात तरी वेगळं काय आहे? तुमच्या सोसायटीतल्या शाळेच्या ग्रुपवर बाबा किती आणि आया किती, मोजून बघा.

अख्खं गाव कामाला लागलं तर काय होतं, हे शेजारच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरने दाखवलंय. तिथल्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' स्पर्धेत लोकांच्या मतांवर मिळणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले की आपली झेडपीची शाळा कुठवर पोहोचते, ते बघा!

तुम्ही काय कराल?

- रोज पंधरा मिनिटं, फोन बाजूला ठेवून. भाजी निवडा, कपड्यांच्या जोड्या लावा, पोळ्या मोजा. मुलाला बरोबर घेऊन!
- 'शाळेत काय शिकवलं?' असं विचारण्याऐवजी 'आज कुणाशी भांडलास?' विचारा. भाषा आपोआप वाढते.
- पुढच्या पीटीएमला बाबाने हाफ-डे टाकावा. अप्रेजल तेवढ्याने बुडत नाही.
- आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाच्या शाळेत मीटिंग असेल, तर त्या दिवसाचा खाडा धरू नका. त्यांना म्हणा, 'मावशी, आज भांडी मी घासतो. तुम्ही जाऊन या.'