कपातीपूर्वीचा राजीनामा
वैजापूर तालुक्यातील परसोड्याच्या विनायक सहकारी साखर कारखान्यासारखा उद्योग डबघाईला येतो, तेव्हा आधीच बाहेर पडावे की कामगार-कपातीची, म्हणजे मालकाने अतिरिक्त ठरवून कामावरून कमी करण्याची, वाट पाहावी, हा प्रश्न धीरापेक्षा हिशेबाचा असतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही कायम ठेवलेली भरपाई, म्हणजे प्रत्येक पूर्ण सेवावर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्यास मिळत नाही. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मात्र सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षे सेवा झालेल्यास राजीनाम्यानंतरही मिळते. अर्थात देय रक्कम हाती पडेलच असे नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालकाचे हप्ते थकलेले दिसू लागल्यावर अल्प सेवेच्या कामगाराने थांबण्यात फारसा अर्थ उरत नाही.