वाळवंटातले बंडखोर आणि पटावरचे नियम

‘ड्यून’ या बोर्ड गेममध्ये फ्रेमन या वाळवंटी ग्रहावरच्या मूळ रहिवाशांच्या गटाला जिंकण्याची एक वाट दिलेली आहे, जी दुसऱ्या कोणाला नाही. 15 फेऱ्या संपल्या आणि कोणीच बाजी मारलेली नाही. सिएच ताब्र आणि हबान्या सिएच या दोन वस्त्यांत फ्रेमनांखेरीज कोणी शिरलेले नाही. आणि तुएक सिएच या तिसऱ्या वस्तीत सम्राट, हार्कोनेन किंवा आट्रायडीस या गटांपैकी कोणाचे ठाणे बसलेले नाही, तर फ्रेमन जिंकले. त्यांनी राजधानी घेतलेली नसते, शत्रूची फौज बुडवलेली नसते. परक्यांना ग्रहावर पाय रोवू दिला नाही, हाच त्यांचा विजय. विज्ञानकथांवर बेतलेल्या युद्धखेळांत गनिमी युद्धाचा गाभा इतक्या नेमकेपणाने नियमात उतरलेला मला दुसरीकडे दिसलेला नाही. आणि हा खेळ 1979 सालचा आहे.

बिल एबर्ली, जॅक किट्रेज आणि पीटर ओलोत्का या तिघांनी तो रचला आणि बाल्टिमोरच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने तो बाजारात आणला. त्याच्या दोन वर्षे आधी ‘कॉस्मिक एन्काउंटर’मध्ये त्यांनी प्रत्येक खेळाडूला एखादा नियम मोडण्याची खास ताकद दिली होती. ‘ड्यून’साठी ती कल्पना जणू बेतूनच ठेवलेली होती, कारण फ्रँक हर्बर्टच्या 1965 सालच्या कादंबरीत सहा सत्ता सहा वेगळ्या शस्त्रांनी लढतात. हर्बर्टचे फ्रेमनही निव्वळ कल्पनेतून आलेले नाहीत. लेस्ली ब्लँच या लेखिकेचे ‘द सेबर्स ऑफ पॅराडाइज’ हे पुस्तक 1960 साली निघाले. कॉकेशसच्या डोंगरांत इमाम शामिलने रशियन साम्राज्याला कसे झुंजवले आणि 1859 साली तो कसा शरण आला, याची ती हकिगत. हर्बर्टने त्यातून शब्द घेतले, चालीरीती घेतल्या आणि डोंगराच्या जागी वाळवंट ठेवले.

खेळात या वाळवंटाचे अर्थकारण फार बारकाईने बसवले आहे. ग्रहावर फौज उतरवायची तर बाकीच्यांना अवकाशवाहतूक सांभाळणाऱ्या स्पेसिंग गिल्ड या गटाला स्पाइस हे तिथले मौल्यवान द्रव्य मोजावे लागते. फ्रेमन मुळातच ग्रहावरचे असल्याने आपल्या मुलखाजवळ ते फुकट सैन्य आणतात. इतरांची तुकडी एरवी फेरीत एक प्रदेश ओलांडते, फ्रेमनांची दोन. वाळूतला महाकाय किडा इतरांची फौज गिळतो, त्यांची नाही. पुढच्या पातळीच्या नियमांत इतरांचे सैनिक स्पाइस मोजला तरच पूर्ण बळाने लढतात. फ्रेमन त्याशिवाय लढतात. थोडक्यात, ते गरीब आहेत, पण त्यांचे युद्ध स्वस्त आहे. साम्राज्याला प्रत्येक हालचालीची किंमत मोजावी लागते आणि बंडखोर त्या खर्चाच्या जिवावर तग धरतो, हे सत्य इथे शिकवावे लागत नाही. दोन-तीन फेऱ्यांत खेळाडूच्या खिशालाच ते कळते.

गटांचे राजकारणही याच पायावर उभे आहे. युती केव्हाही करता येत नाही. पत्त्यांत किडा निघाला की सगळे थांबतात आणि तेवढ्या वेळात जुन्या युत्या मोडतात, नव्या जुळतात. पटावरच्या पाच ठाण्यांपैकी जिंकायला एकट्याला तीन पुरतात, युतीला चार लागतात. फ्रेमन न जिंकता शेवट झालाच, तर विजय गिल्डचा. म्हणजे लढाई लांबावी असे वाटणारे दोन गट आहेत आणि त्या दोघांना हवा असलेला शेवट वेगळा आहे. बेने जेसेरिट गटाने तर खेळाच्या सुरुवातीलाच कोण आणि कितव्या फेरीत जिंकणार हे गुपचूप लिहून ठेवलेले असते. ते खरे ठरले की विजय त्यांचा. त्यामुळे शेजारी बसलेला मित्र आपल्याला मदत का करतो आहे, हा प्रश्न शेवटच्या फेरीपर्यंत सुटत नाही.

मग 1992 साली लास व्हेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजचा ‘ड्यून 2’ हा संगणकीय खेळ आला. रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा साचा याच खेळाने पक्का केला: स्पाइस गोळा करा, कारखाने उभारा, रणगाड्यांचा लोंढा सोडा. या साच्यात फ्रेमनांचे काय झाले? आट्रायडीस घराण्याने राजवाडा बांधला की ठरावीक वेळाने एक बटण उजळते, ते दाबले की थोडे फ्रेमन लढायला हजर होतात. हार्कोनेनला त्याच जागी क्षेपणास्त्र मिळते. ज्यांच्या भूमीसाठी सगळे भांडतात, ती माणसे एका शस्त्राच्या रांगेत जाऊन बसली. खेळ तंत्राच्या दृष्टीने थोर आहे, पण या बाबतीत त्याने मोठी हानी केली असे माझे स्पष्ट मत आहे. गनिमी युद्धात काळ दुबळ्याच्या बाजूने असतो. या नव्या साच्यात तो कारखानदाराच्या बाजूने गेला. जो उशीर करतो, तो हरतो.

वेस्टवुडने 1995 साली ‘कमांड अँड कॉन्कर’ काढला, तेव्हा ब्रदरहुड ऑफ नॉड हा पंथवजा बंडखोर गट घडवताना बरेच काही परत मिळवले. नॉडची वाहने हलकी आणि वेगवान, रणगाडे अदृश्य होणारे. कथेत तर प्रचारयुद्धही आहे: पोलंडमधल्या बियालिस्टॉक शहरातल्या कत्तलीचे खापर जीडीआय या जागतिक फौजेवर फुटते आणि संयुक्त राष्ट्रसंघ तिचा निधी तोडतो. जे काम तोफांनी झाले नसते, ते एका बातमीने होते. मात्र हे सगळे चित्रफितीत घडते. खेळाडूच्या हाती बातमी नावाचे हत्यार कधीच येत नाही. 1999 सालच्या ‘टायबेरियन सन’मध्ये नॉडची शकले झालेली दिसतात. नेता केन मेला असे सारे समजतात, हसन नावाचा म्होरक्या आतून जीडीआयला सामील असतो आणि अँटन स्लाविकला फितूर ठरवून देहदंड देण्याचा घाट घातला जातो. स्लाविक सुटतो, आणि त्याला आधी आपल्याच माणसांशी लढावे लागते. बंडखोर संघटनांचा इतिहास ज्याने थोडाही वाचला आहे, त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल.

त्याआधीच्या ‘स्टारक्राफ्ट’ने (1998) ही फितुरी आणखी वर नेली होती. आर्क्टुरस मेंग्स्कची ‘सन्स ऑफ कोऱ्हाल’ ही संघटना जुलमी कॉन्फेडरसीविरुद्ध उठते, आणि राजधानी पाडण्यासाठी मेंग्स्क परग्रहावरच्या झर्गांनाच टार्सोनिसवर बोलावून घेतो. आपली सेनानी केरिगन हिला तो तिथेच सोडून निघून जातो आणि पुढे स्वतः सम्राट होतो. कथा म्हणून हे जबरदस्त आहे. पण बंडखोर म्हणून खेळताना आपण बांधतो त्या बराकी आणि चालवतो ते रणगाडे सरकारी फौजेसारखेच.

काळाचा प्रश्न पुन्हा नीट सोडवला तो टेबलावरच्या खेळांनी. एसपीआयच्या ‘फ्रीडम इन द गॅलेक्सी’मध्ये (तोही 1979 सालचाच) प्रत्येक ग्रहाची निष्ठा पायरीपायरीने घसरते किंवा चढते, आणि बंडखोरांची मूठभर माणसे गुप्त कामगिऱ्यांवर जातात: सैन्यात फितुरी पेरणे, कैदी सोडवणे, बंड पेटवणे. कोरी कोनिएच्का याने 2016 साली रचलेल्या ‘स्टार वॉर्स: रिबेलियन’ने हाच धागा घेतला. बंडखोरांचा तळ नकाशावर नसतो. तो कुठे आहे हे एका झाकलेल्या पत्त्यालाच माहीत. साम्राज्य दर फेरीला दोन पत्ते उचलून एकेक जागा यादीतून बाद करत जाते. दुसरीकडे बंडखोरांची कीर्ती दाखवणारी खूण एका टोकाकडून सरकते, काळाची खूण दुसऱ्या टोकाकडून. दोन्ही भेटल्या की साम्राज्य हरले. आणखी एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो: बळाने दाबून ठेवलेला ग्रह साम्राज्याला पूर्ण उत्पन्न देत नाही. ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज ल्युकस याने आपल्या बंडखोरांमागे व्हिएतनामचे युद्ध असल्याचे सांगितले आहे. त्या युद्धाचा हिशेब चित्रपटांपेक्षा या पटावर जास्त स्वच्छ मांडलेला आहे.

फिरॅक्सिसचा ‘एक्सकॉम 2’ हा संगणकीय खेळही त्याच वर्षीचा. आधीच्या खेळातले परग्रहवासीयांविरुद्धचे युद्ध माणसे हरली, असे गृहीत धरून तो 2035 सालात सुरू होतो. उडता तळ, लपून घातलेला पहिला घाव, मिनिटांत मोहीम उरकून निसटणे, हे सारे अस्सल. मोहिमांवरच्या वेळेच्या बंधनाविरुद्ध पुष्कळ खेळाडूंनी ओरड केली. मला ते बंधन योग्यच वाटते, कारण घाव घालून तिथे रेंगाळणारा छापामार मरतो. चूक वरच्या पातळीवर आहे. परग्रहवासीयांच्या अवतार प्रकल्पाची पट्टी भरत जाते आणि बंडखोरालाच घाई करावी लागते. घड्याळ उलटे फिरते. मात्र 2017 सालच्या ‘वॉर ऑफ द चोझन’ या पुरवणीने गटांचे राजकारण आणले. शत्रूच्या नियंत्रणातून सुटलेले माजी सैनिक म्हणजे स्कर्मिशर, आणि त्यांचा द्वेष करणारे जुने छापामार म्हणजे रीपर. पहिल्याच मोठ्या मोहिमेत दोघांना एकत्र आणायचे असते. कालपर्यंत शत्रूच्या गणवेशात होता त्याच्यावर भरवसा ठेवायचा का, हा प्रश्न प्रत्येक मुक्तिलढ्यात येतो आणि खेळांत क्वचितच विचारला जातो.

सीआयएमध्ये विश्लेषक राहिलेल्या वोल्को रुंकेने 2012 साली कोलंबियावरच्या ‘अँडियन अबिस’पासून जी खेळमाला सुरू केली, तिने गटांच्या या राजकारणाला पटावर पूर्ण यंत्रणा दिली. तिच्यात मुलखावरचा ताबा आणि लोकांचा पाठिंबा यांची नोंद वेगवेगळी होते. लपलेला बंडखोर आधी उघडा पाडावा लागतो, मगच त्याच्यावर हल्ला करता येतो. आणि प्रत्येक गटाच्या विजयाच्या अटी निराळ्या. याच मालेतल्या, 2019 सालच्या ‘गांधी’मध्ये ब्रिटिश राजसत्तेसमोर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक असे तिघे बसतात आणि राज हटला तरी तिघे एकदम जिंकू शकत नाहीत. ‘रेड डस्ट रिबेलियन’ने हीच चौकट मंगळावर नेली. तिथे हंगामी सरकार, कॉर्पोरेशन्स, रेड डस्ट चळवळ आणि एक धर्मपंथ असे चार दावेदार आहेत. सरकार आणि कंपन्या एका बाजूला दिसतात, चळवळ आणि पंथ दुसऱ्या. पण प्रत्येकाला हवा असलेला मंगळ वेगळा.

या मंगळावर, तसेच ‘ड्यून’च्या अराकिस ग्रहावर, एक खुर्ची अजून रिकामी आहे. ज्या वस्तीतून बंडखोर धान्य नेतात आणि दुसऱ्या दिवशी फौज झडती घेते, तिला आजवर पाठिंब्याची एक सोंगटी एवढेच रूप मिळाले आहे. तिला पाचवा गट म्हणून बसवावे. तिच्याकडे फौज नसावी. कोणाला वाट दाखवायची, कोणाला चुकीची बातमी द्यायची, कधी गाव सोडून निघून जायचे, एवढ्याच तिच्या चाली असाव्यात. आणि शेवटच्या फेरीला पेरणी झालेली असेल, तर ती जिंकावी, मग राजधानीत कोणीही बसलेला असो.